खाऊ आणि अधेली

‘खाऊ’ हा मराठीतील एक साधा, घरगुती आणि म्हणूनच कोशकारांच्याही फारसा चिंतनाचा विषय न झालेला शब्द आहे. आम्ही ज्या माळव्यात राहतो तेथील हिंदीत मिठाई आहे, सौगात आहे, भेट आणि उपहार आहेत. परंतु ‘खाऊ’ या शब्दाने जे सुचते ते यांपैकी एकाही शब्दाने पुरतेपणी सुचत नाही. ज्या घरी लहान मूल आहे त्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, मुलाच्या हातावर काहीतरी ठेवावे, एवढाच त्यामागील संकेत. मग ते चार पेढे असोत, मूठभर फुटाणे असोत की पुडीत बांधलेल्या लिमलेटच्या गोळ्या असोत. पैसे दिले तरी ते ‘खाऊचे पैसे’ होतात. म्हणजे खाऊ हे पदार्थाचे नाव नव्हे, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नात्याचे नाव आहे.

या नात्याचे एक वैशिष्ट्य आपल्या सामाजिक व्यवहाराशी ताडून पाहिले म्हणजे चटकन लक्षात येते. आपल्याकडे लग्नामुंजीत आहेराची यादी करण्याची पद्धत आहे. कोणी कोणते पातळ दिले, कोणी किती रुपये पाकिटात घातले, याची वहीत नोंद होते आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही बाहेर काढून तितक्याच तोलाचा आहेर परत केला जातो. यात वावगे काही नाही. समाज अशा परतफेडीवरच उभा राहतो. परंतु खाऊची वही कोणत्याही घरात नसते. संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाण करतात तेव्हा मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि जमलेली पोरे ती वेचून खातात. त्यांतील कोणते बोर कोणी आणले हे वेचणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि आणणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, जो उलट उपकार करू शकणार नाही अशाला दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे आणि परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानास राजस. ते विवेचन देश, काल आणि पात्र यांचा विचार करणारे, गंभीर दानाचे आहे. आपल्या घरोघरी मात्र तेच तत्त्व चार बत्ताशांच्या रूपाने मुलाच्या तळहातावर ठेवले जाते आणि त्याला कोणी दान म्हणतही नाही.

पण भाषा फार प्रामाणिक असते. ज्या धातूपासून ‘खाऊ’ आला त्याच धातूपासून ‘लाचखाऊ’ही आला आहे. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्या आमच्यासारख्यांना या दोन शब्दांतील अंतर किती थोडे आहे हे सांगावे लागत नाही. मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ यांत शासकीय सेवकाने भेटी घेण्यावर जे निर्बंध आहेत ते त्याच्या कुटुंबीयांनाही लागू होतात. नियम करणाऱ्यांना ही शहाणीव उगाच सुचलेली नाही. आम्ही एका ठिकाणी होतो तेथे दर दिवाळीला एका कंत्राटदाराचा मनुष्य डबा घेऊन येई आणि ‘साहेबांसाठी नाही, बाळगोपाळांसाठी आहे’ असे सांगे. डबा दर वर्षी परत जाई, तरी दर वर्षी येई. पुढे आमची बदली बिनमहत्त्वाच्या जागेवर झाली. शहर तेच होते, दिवाळीही तीच होती, आमची मुलेही तीच होती. डबा मात्र आला नाही. तो डबा मुलांसाठी होता की नव्हता याचा निर्णय त्या वर्षी आपोआप झाला.

तेव्हा लहान मुलाला दिलेली लहानशी वस्तू केव्हा खाऊ असते आणि केव्हा नसते, हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार आमच्या वाचनात तरी एखाद्या नीतिग्रंथात नव्हे, तर एका कथेत आढळला. ती कथा म्हणजे रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’. तिच्या जोडीला प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील एक प्रकरण घेतले म्हणजे विषय पुरा होतो असे आम्हांस वाटते. बंगाली, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांतील कृती शेजारी ठेवण्याबद्दल कोणी आक्षेप घेईल असे नाही. आंतरभारतीचे स्वप्न साने गुरुजींनीच पाहिले होते, आणि बृहन्महाराष्ट्रातील आपण मंडळी तर ते स्वप्न रोजच्या बोलण्यातून नकळत जगतच असतो.

‘काबुलीवाला’ १८९२ साली ‘साधना’ या बंगाली मासिकात प्रसिद्ध झाली. (साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या साप्ताहिकाचेही नाव ‘साधना’च, हा योगायोग सुखद आहे.) रवींद्रनाथांची थोरली कन्या माधुरीलता हिचा जन्म १८८६चा, म्हणजे कथा लिहिली तेव्हा लेखकाच्या घरात कथेतील मिनीच्याच वयाची मुलगी वावरत होती. कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कलकत्त्यात राहणारा एक कादंबरीकार, त्याची पाच वर्षांची अखंड बडबड करणारी मुलगी मिनी आणि सुका मेवा व द्राक्षांच्या पेट्या विकणारा रहमत नावाचा उंच, मळक्या ढगळ कपड्यांतला काबुली. या कथेचे तात्पर्य म्हणून वर्गावर्गांतून एकच गोष्ट सांगितली जाते, की बापाचे हृदय सर्वत्र सारखेच असते, मग तो कलकत्त्याचा बाबू असो की अफगाणिस्तानच्या डोंगरातला पठाण. हे तात्पर्य खोटे नाही. परंतु ते कथेच्या शेवटच्या दोन पानांतून काढलेले आहे. त्याआधीच्या पानांत जो बदाम-बेदाण्यांचा आणि एका अधेलीचा व्यवहार रवींद्रनाथांनी इतक्या काळजीने मांडला आहे, त्याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. आमच्या मते कथेचा खरा कणा तो व्यवहार आहे.

पहिल्या भेटीत रहमत झोळीतून बेदाणे आणि जर्दाळू काढून मिनीपुढे धरतो. मिनी ते घेत नाही. त्या झोळीत आपल्यासारखीच चारदोन मुले कोंबलेली असतील अशी तिची समजूत असते, म्हणून ती वडिलांच्या गुडघ्याला बिलगते. पुढे काही दिवसांनी वडील पाहतात तो मिनी दाराजवळच्या बाकावर बसली आहे, काबुली तिच्या पायाशी बसून हसत हसत तिची बडबड ऐकत आहे आणि तिच्या पदरात बदाम-बेदाणे आहेत. वडील सभ्य गृहस्थ. ते म्हणतात, हे कशाला दिलेस, पुन्हा देऊ नकोस. आणि खिशातून आठ आण्यांची अधेली काढून त्याला देतात. रहमत काहीही न बोलता ती घेतो आणि झोळीत टाकतो. वडील बाहेर जाऊन परत येतात तो घरात गोंधळ माजलेला. आई मिनीला दरडावून विचारते आहे, ही अधेली तुला कोणी दिली? आणि मिनी रडकुंडीला येऊन सांगते आहे, की आपण मागितली नव्हती, काबुलीवाल्याने आपणहून दिली.

या छोट्या प्रसंगात केवढे नाट्य आहे! बाबूंनी खाऊचा माल केला. त्यांच्या दृष्टीने काबुली म्हणजे विक्रेता, बदाम म्हणजे माल, आणि माल घेतला म्हणजे दाम चुकते करावे, हा सज्जनपणाच होय. रहमत त्यांच्याशी वाद घालत नाही. ‘नको साहेब’ म्हणून आढेवेढे घेत नाही, आपले मन मोठे असल्याचे दाखवीत नाही. तो दाम घेतो आणि थोड्या वेळाने तेच दाम मुलीच्या हाती ठेवतो. बाबूंनी खाऊचा माल केला होता. रहमतने मालाच्या किमतीचाच पुन्हा खाऊ केला. नकार देण्यात जो एक प्रकारचा अहंकार असतो तोही त्याने टाळला. मिनीचे उत्तर तर खाऊची संपूर्ण व्याख्याच म्हणता येईल. न मागता, आपणहून दिलेले ते खाऊ.

येथे निवेदक एक शब्द वापरतो, तो आमच्यासारख्या माजी अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. काबुली मधल्या काळात जवळजवळ रोज येऊन पिस्ते-बदाम देत असे आणि त्यामुळे मिनीचे छोटेसे लोभी मन त्याने बरेचसे जिंकले होते, हे सांगताना मूळ बंगालीत ‘घूष’ हा शब्द आहे. आपण हिंदीत ज्याला घूस म्हणतो तोच. निवेदक थट्टेने म्हणतो हे खरे. परंतु रवींद्रनाथांसारखा लेखक असा शब्द निव्वळ थट्टेसाठी ठेवत नाही. तो वाचकाला विचारतो की ही लाच आहे काय? असल्यास कशासाठी? लाचेची कसोटी सरळ असते. देणाऱ्याचे काम झाले पाहिजे. रहमतचे काम काय झाले? त्याचा माल त्या घरात अधिक खपू लागला असे कथेत कोठेही येत नाही. झोळीत काय आहे या प्रश्नाला ‘हत्ती’ असे गेंगाण्या स्वरात उत्तर द्यावे आणि दोघांनी खळखळून हसावे, सासरी कधी जाणार म्हणून परस्परांना विचारावे, एवढीच त्याची मिळकत. त्याहून महत्त्वाचा तपशील पुढे आहे. माघ महिन्यात रहमत देशी परततो. त्याआधी उधारी वसूल करण्यासाठी त्याला घरोघर हिंडावे लागते, क्षणाची फुरसत नसते. तरीही तो एकदा मिनीला भेटून जातोच. वसुलीच्या दिवसांत, जेथे वसूल करण्यासारखे काही नाही अशा घरी तो जातो, यातच सारे आले.

आणि हा मनुष्य व्यवहारात भोळा आहे असे मात्र नाही. मराठी माणसाच्या आठवणीतला पठाण हा पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन उभा राहणारा व्याजवसुलीवाला आहे. रवींद्रनाथांचा रहमत त्या प्रतिमेपासून अगदीच दूरचा नाही. शेजारच्या एका इसमाने रामपुरी चादर उधार घेतली आणि पुढे ते देणेच नाकारले, तेव्हा बाचाबाचीत रहमतने त्याला सुरा खुपसला आणि कित्येक वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. या घटनेकडे सामान्यतः कथानकाची सोय म्हणून पाहिले जाते. रहमतला दीर्घकाळ दूर ठेवायचे, तर तुरुंग हवाच. आम्हांस ती सोय वाटत नाही. ज्याने अधेली परत केली तोच चादरीच्या थकबाकीसाठी रक्त सांडतो, ही जोडणी हेतुपूर्वक केलेली आहे. रहमत हिशेबाला पक्का आहे. देणे-घेणे काय असते हे त्याला पुरते कळते, आणि म्हणूनच त्याने जेथे हिशेब मांडला नाही त्या जागेला मोल आहे. ज्याला हिशेबच येत नाही त्याचे निरपेक्ष असणे ही फार मोठी गोष्ट नव्हे.

मिनीच्या आईचाही येथे विचार केला पाहिजे. ती भित्री, संशयी म्हणून निवेदक तिची थोडी चेष्टा करतो. मुले पळवली जात नाहीत काय, एवढ्या आडदांड माणसाला एक पोर उचलून नेणे अशक्य आहे काय, असे तिचे प्रश्न आहेत. आजच्या काळात आपण नातवंडांना पहिला धडा देतो तो हाच, की अनोळखी माणसाने दिलेले काही घेऊ नये; आणि तो धडा आवश्यक आहे. रहमत सुरा चालवू शकतो हेही पुढे दिसतेच. म्हणजे आईची भीती मूर्खपणाची नव्हती, फक्त या माणसाच्या बाबतीत ती अस्थानी होती. रवींद्रनाथांनी रहमतचे देणे चोरून, आडोशाला दाखवलेले नाही. ते दाराशी, बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत होते. खाऊ देणाऱ्याला लपण्याचे कारण नसते, एवढी एक खूण त्यातून वाचकाला मिळते आणि ती आजही उपयोगी आहे.

आता कथेचा उत्तरार्ध. रहमत तुरुंगात गेल्यावर मिनी त्याला विसरते. निवेदक म्हणतो की तिचे हे वागणे फार लाजिरवाणे होते. तिने जुन्या मित्राला विसरून खुशाल घोड्याच्या मोतद्दाराशी दोस्ती केली आणि पुढे वय वाढले तशा मैत्रिणी जोडल्या. या ‘लाजिरवाण्या’ विसरण्यालाच आम्ही कथेतील सर्वांत महत्त्वाची घटना मानतो. मोठ्या माणसाला काही दिले तर तो एक तर परतफेड करतो, किंवा करत नाही आणि मनात ओशाळा राहतो. दोन्ही प्रकारांत देणाऱ्याचे नाव त्याच्या खात्यावर उरतेच. मूल विसरते. त्याच्या विसरण्यात कृतघ्नता नसते, कारण त्याने ते ऋण म्हणून घेतलेलेच नसते. त्यामुळे मुलाला काही देणारा मनुष्य, त्याला कळो वा न कळो, आपण विसरले जाणार आहोत या अटीवर देत असतो. ती अट ज्याला मान्य नाही त्याने मुलांना काही देऊ नये. आपल्या ओळखीत असे एखादे काका असतातच, की जे पंचवीस वर्षांच्या तरुणाला भर पंगतीत विचारतात, तुला लहानपणी कॅडबरी कोण देत होते, आठवते का? त्या क्षणी त्या कॅडबरीचा आहेर होतो.

रहमतची परीक्षा याच अटीवर होते. आठ वर्षांनी सुटून तो येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. झोळी नाही, लांब केस नाहीत. निवेदक त्याला आज गडबड आहे म्हणून वाटेला लावू पाहतो. तो दारापर्यंत जातो आणि बाळीला एकदा पाहता येणार नाही का, असे विचारतो. मिनी अजून तशीच धावत येईल अशी त्याची समजूत आहे. तिच्यासाठी त्याने द्राक्षांची एक पेटी आणि कागदाच्या पुडीत थोडे बेदाणे-बदाम आणले आहेत, तेही बहुधा कोणा देशबांधवाकडून मागून आणलेले. निवेदक पुन्हा किंमत देऊ लागतो. या वेळी मात्र रहमत त्याचा हात धरतो. पहिल्या वेळी अधेली मुकाट्याने घेणारा माणूस आता बोलतो, आपल्यालाही देशी अशीच एक मुलगी आहे, तिची आठवण काढून आपण हा मेवा आणतो, सौदा करायला येत नाही. मग छातीजवळून तो कागद निघतो, ज्याच्यावर काजळी फासलेल्या चिमुकल्या हाताचा ठसा आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. रहमत मिनीला देत होता ते तिच्यासाठी नव्हे, स्वतःच्या मुलीच्या आठवणीसाठी; मग हे देणे निरपेक्ष कसे? मिनीच्या रूपाने तो आपली भूक भागवीत होता असे का म्हणू नये? आमचे उत्तर असे की अपेक्षा आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपेक्षा समोरच्याकडून काही यावे म्हणून असते. आठवण देणाऱ्याच्या पाठीमागून येते आणि त्याच्या हातून काही देववते. आपण सगळेच कोणाच्या तरी आठवणीने देत असतो. नातवंडे परदेशी असलेली आजी शेजारच्या मुलाला लाडू देते तेव्हा ती त्याच्याकडून काही घेत नसते. आणि रहमतने अपेक्षा धरली असेल तर ती फक्त एकच होती, की मिनी लहानच राहिलेली असावी. तीही पुरी होत नाही. नववधूच्या वेशातली मिनी लाजून उभी राहते. जुन्या विनोदाचा अर्थ आता तिला कळतो, म्हणून ती उत्तर देत नाही. ती गेल्यावर रहमत जमिनीवर बसतो. त्याला उमगते की देशी त्याची मुलगीही एवढीच झाली असेल आणि तिच्याशीही नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. त्याने जे दिले ते परत आले नाही. आले ते हे दुःखद ज्ञान. तरीही तो पुडी परत मागत नाही.

शेवटी निवेदक एक नोट काढून रहमतला देतो आणि देशी मुलीकडे जा म्हणतो. कथेतील हा पैशाचा तिसरा व्यवहार आहे. पहिला अधेलीचा, तो मुलीकडे वळला. दुसरा किमतीचा, तो नाकारला गेला. तिसऱ्यात मात्र किंमत नाही. बाबूंना येथे प्रथमच खाऊ देता आला, कारण ही नोट खरोखर रहमतला नाही, दूर डोंगरात वाढलेल्या आणि त्यांनी कधीही न पाहिलेल्या एका मुलीला आहे. त्यासाठी लग्नाच्या खर्चातून विजेची रोषणाई आणि बँड कमी करावा लागला, घरच्या बायका नाराज झाल्या, हे निवेदक सांगतो. लेखकाने हे सांगितले नसते तर शेवट भावविवश झाला असता. देण्याला थोडी तरी झळ लागली पाहिजे, ही जाणीव त्या रोषणाईच्या तपशिलात आहे.

या कथेवर तपन सिन्हा यांनी १९५७ साली बंगालीत आणि हेमेन गुप्ता यांनी १९६१ साली हिंदीत चित्रपट केले. हिंदीतला बलराज साहनींचा रहमत आणि मन्ना डे यांच्या आवाजातले ते देशाच्या आठवणीचे गीत आपल्या घरोघरी पोहोचले आहे. गीत अविस्मरणीय आहे यात शंका नाही, पण त्याने कथेचा गुरुत्वमध्य हलवला असे आमचे मत आहे. चित्रपट पाहून उठताना मनात राहतो तो मायभूमीला आसावलेला प्रवासी. कथा वाचून उठताना राहते ती कागदाची पुडी. मूळ कथा न वाचता जे चित्रपटावर थांबले त्यांच्या पदरातून बदाम-बेदाणे गळून पडले आहेत.

आता राहिला एक प्रश्न. खाऊ परत येत नाही. मग तो जातो कोठे? याचे उत्तर ‘काबुलीवाला’त पूर्णपणे मिळत नाही, कारण मिनी मोठी होऊन काय करते हे कथा सांगत नाही. ते उत्तर दुसऱ्या दोन कृतींत आहे.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ १९३३ची. आपल्या भागातील मुले ती शाळेतच हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून वाचतात. अमीनाने शिवणकाम करून मिळवलेल्या आठ आण्यांपैकी ईदच्या दिवशी दोन आणे उरले आहेत. त्या आठ पैशांपैकी तीन ती पोरक्या नातवाच्या, हमीदच्या, खिशात घालते आणि पाच आपल्या बटव्यात ठेवते. जत्रेत मोहसिन त्याला रेवडी देऊ करतो आणि हमीदने हात पुढे करताच ती स्वतःच्याच तोंडात टाकतो. मुलांतली ही चेष्टा आहे, पण तिच्या शेजारी अमीनाचे तीन पैसे ठेवून पाहावेत; खोटे देणे आणि खरे देणे एकाच जत्रेत दाखवले आहे. हमीद खेळणे घेत नाही, मिठाई घेत नाही. भाकरी भाजताना आजीचे हात पोळतात म्हणून सहा पैशांपासून घासाघीस करीत तीन पैशांना चिमटा घेतो. अमीना आधी रागावते आणि मग रडते. त्या क्षणी नातू वडील होतो आणि आजी लहान मुलगी. येथे खाऊ अक्षरशः परत आला असे कोणी म्हणेल. परंतु अमीनाने चिमट्यासाठी पैसे दिले नव्हते. त्याने काहीतरी खावे, मौज करावी यासाठी दिले होते. तिची इच्छा हमीदने मोडली आणि म्हणूनच ती आधी चिडली. परत आले ते परतफेड म्हणून आले नाही, हमीदची स्वतंत्र भेट म्हणून आले.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ सालीच लिहिली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘बंधुप्रेमाची शिकवण’ हे प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. दापोलीला शिकत असलेला श्याम वडिलांनी वेळोवेळी दिलेले खाऊचे पैसे खर्च न करता साठवतो आणि त्यांतून धाकट्या भावासाठी कोट शिवून गणेशचतुर्थीला घरी घेऊन जातो. वडिलांनी पैसे दिले ते श्यामच्या जिभेसाठी. ते पोहोचले भावाच्या अंगावर. वडिलांना त्यांतले काही परत मिळाले नाही. श्यामला हे कोणी उपदेशून शिकवलेले नव्हते. ज्या घरात आई भाऊबीजेच्या पैशांतून स्वतःसाठी काही न घेता पतीसाठी धोतर आणवते, त्या घरात मूल हेच पाहत वाढते. साने गुरुजींवर अतिभावुकतेचा आरोप होतो आणि तो काही ठिकाणी आम्हांसही मान्य आहे. या प्रकरणातही डोळे वारंवार भरून येतात. पण आणा-अधेलीचा प्रवास दाखवण्यात गुरुजींची नजर प्रेमचंदांइतकीच वास्तव आहे. दारिद्र्यात एका नाण्याची किती रूपे होतात हे दोघांनाही अनुभवाने ठाऊक होते.

तिन्ही कृती एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. मुलाला दिलेले परत येत नाही, ते पुढे जाते. आणि कोणाकडे जाईल हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे राहत नाही. अमीनाचे तीन पैसे चिमट्याकडे गेले, श्यामच्या वडिलांचे पैसे कोटाकडे गेले, रहमतचे बदाम आठ वर्षांनी एका नोटेच्या रूपाने त्याच्याच मुलीकडे निघाले, पण वळण घेऊन, दुसऱ्याच्या हातून आणि त्याने न मागता. देणाऱ्याने केवळ हात मोकळा करायचा. पुढचे वळण दिसावे असा आग्रह धरला की पुन्हा आपण आहेराच्या वहीकडे येतो.

आपण सारे आता त्या वयात आहोत, की जेव्हा आपल्याला खाऊ देणारे कोणी उरलेले नाही आणि आपण देऊ इच्छितो ती नातवंडे बहुधा दूर आहेत. त्यांना मोबाइलवरून पैसे पाठवणे सोपे झाले आहे. ते जरूर पाठवावेत. खाऊचे पैसे कागदी असोत की अदृश्य, त्यांचा गुण बदलत नाही. फक्त अशा देण्याची नोंद यंत्रात राहते, तारीख-वेळेसह राहते, आणि ‘मिळाले का?’ असे विचारण्याचा मोह होतो. पोहोचले की नाही एवढ्यापुरते विचारण्यास हरकत नाही. त्यापुढे विचारू नये. रहमतच्या अधेलीची वाच्यता त्याने स्वतः केली नव्हती, आईने दरडावल्यावर मिनीने केली होती.

‘काबुलीवाला’ वाचकांनी पुन्हा एकदा काढून वाचावी, मात्र या वेळी हाताच्या ठशाकडे घाईने न जाता बाकावरच्या त्या सकाळपाशी थोडे थांबावे, एवढीच आमची विनंती आहे. ‘ईदगाह’ आणि ‘श्यामची आई’ घरात असतीलच. त्याही शेजारी ठेवाव्यात. आणि वाचून झाल्यावर त्या एखाद्या मुलाला देऊन टाकाव्यात. पहिल्या पानावर आपले नाव घालण्याचे कारण नाही.